थ्री-फेज इन्व्हर्टर: गेट ड्रायव्हरचं ग्राउंड नेमकं कुठे जोडायचं

गिरणीवाल्यांसाठी आम्ही २ एचपीचा ड्राइव्ह बनवतो. आत सिंगल-फेज २३० व्होल्ट, बाहेर थ्री-फेज. डीसी बस (आतली डीसीची प्लस-मायनस लाइन) ३२५ व्होल्टची, सहा आयजीबीटी (करंट चालू-बंद करणारे स्विच; गेट हा त्यांचा चालू-बंद करणारा पाय, एमिटर हा करंट बाहेर सोडणारा), तीन आयआर२११०, म्हणजे ते गेट चालवणाऱ्या ड्रायव्हर चिप. यू, व्ही, डब्ल्यू या प्रत्येक फेजला दोन आयजीबीटी: वरचा बसच्या प्लसकडे, खालचा मायनसकडे. पहिल्या बोर्डवर रिकामी मोटर दिवसभर छान फिरली. जात्यात गहू पडला आणि डब्ल्यू फेजचा खालचा आयजीबीटी फुटला. बदलला, तर पुन्हा तोच. यू आणि व्ही ठणठणीत.

मग स्कीमॅटिक बाजूला सारून बोर्डच डोळ्यांसमोर धरला. डब्ल्यूच्या ड्रायव्हरची कॉम पिन, म्हणजे २ नंबरची, खालच्या गेटचा करंट परत येतो ती, जवळ दिसलेल्या ग्राउंडच्या तांब्यात सोडलेली. तिथून एमिटर ४ सेंटिमीटर लांब, आणि त्याच ४ सेंटिमीटरमधून मोटरचा करंटही वाहत होता.

ट्रॅकचा इंडक्टन्स सेंटिमीटरला ८ ते १० नॅनोहेन्री धरा. २० अँपिअर १०० नॅनोसेकंदांत तुटले, तर एवढ्या तुकड्यावर ६ ते ८ व्होल्ट पडतात. ड्रायव्हरने गेट शून्यावर ओढलेलं असतं, पण त्याच क्षणी एमिटर त्याच्याही खाली गेलेला असतो. आयजीबीटीला वाटतं, गेट अजून वरच आहे. तो रेंगाळत बंद होतो, तापतो, डेड टाइम (एक बंद होऊन दुसरा चालू होईपर्यंत ठेवलेला मोकळा वेळ) खातो आणि तेवढ्यात वरचा चालू होतो, म्हणजे दोघांतून बस शॉर्ट.

म्हणून पहिलं काम हे: प्रत्येक कॉम पिनपासून आपापल्या खालच्या आयजीबीटीच्या एमिटरच्या पायापर्यंत वेगळा ट्रॅक न्या. पाय बॉडीतून बाहेर येतो तिथल्याच पॅडवर तो जोडा. या ट्रॅकमध्ये गेटच्या करंटखेरीज दुसरं काही वाहता कामा नये. गेटचा ट्रॅक वरच्या लेअरवर असेल, तर हा परतीचा ट्रॅक बरोबर त्याच्या खाली, खालच्या लेअरवर ठेवा. शंट (करंट मोजायचा रेझिस्टर) या वाटेत येऊ देऊ नका.

आता दुसरी चूक, जी मी अजूनही बऱ्याच बोर्डांवर बघतो. आमच्याकडे नवीन लागलेल्या मुलीने विचारलं, “सर, व्हीएसएस आणि कॉम दोन्ही ग्राउंडच ना? मग चिपखालीच जोडून टाकू?” नाही जोडायचं. तीन चिपखाली तीन ठिकाणी जोडलं, की मोटरच्या करंटला सिग्नलच्या ग्राउंडमधून आडवाट मिळते आणि कंट्रोलर अधूनमधून रीसेट होतो. आयआर२११० मध्ये व्हीएसएसची, म्हणजे सिग्नलच्या ग्राउंडची, १३ नंबरची पिन मुद्दाम वेगळी दिली आहे. या दोन पिनांमध्ये ५ व्होल्टपर्यंतचा फरक चिपला चालतो. तिन्ही व्हीएसएस कंट्रोलरच्या ग्राउंडला जोडा आणि ते ग्राउंड बसच्या मायनसला एकाच जागी, शंटच्या एमिटरकडच्या टोकाला, आणून बांधा. ड्रायव्हरच्या १५ व्होल्ट सप्लायचा मायनसही तिथेच.

१५ व्होल्टचा प्लस प्रत्येक चिपला १० ओहममधून द्या. व्हीसीसी (हा १५ व्होल्ट घेणारी पिन) आणि कॉम यांच्यामध्ये, पिनांना चिकटून, १० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कॅपॅसिटर लावा. गेट भरणारा झटका या कॅपॅसिटरमधूनच निघतो आणि तिथेच परततो, लांबच्या सप्लायपर्यंत जातच नाही.

वरच्या बाजूला नियम तोच. व्हीएस पिन (वरच्या गेटचा करंट परत येतो ती) थेट वरच्या एमिटरच्या पायावर, बूटस्ट्रॅप कॅपॅसिटर (वरच्या गेटला वीज पुरवणारा) व्हीबी, म्हणजे वरच्या बाजूची सप्लाय पिन, आणि व्हीएसला लागून. या भागाखाली ग्राउंड प्लेन (ग्राउंडच्या तांब्याचा सलग पत्रा) पसरू नका. १० पिकोफॅरड कपलिंग आणि नॅनोसेकंदाला ५ व्होल्टची उडी, एवढ्यानेही ५० मिलीअँपिअर सिग्नलच्या ग्राउंडमध्ये शिरतात.

तिन्ही खालचे एमिटर एका रुंद पट्टीवर जवळजवळ बसवा, प्लसची पट्टी तिच्यावर दुसऱ्या लेअरमध्ये घ्या. एवढं केल्यावर एमिटर-एमिटरमधला फरक आपोआप घटतो.

तपासताना जपा. या ड्राइव्हमध्ये बसचा मायनस म्हणजे अर्थिंग नव्हे. मेन्सवर असताना स्कोपची क्लिप त्याला लावलीत, तर थेट शॉर्ट. आधी बेंच सप्लायवर ३० व्होल्ट देऊन बघा, ३२५ व्होल्टवर डिफरन्शियल प्रोबच वापरा. हात घालण्याआधी बसचे कॅपॅसिटर रिकामे झाल्याचं मीटरने बघा. बेंचवर साध्या प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून टोकाला स्प्रिंग लावा, नाहीतर ती वायरच रिंगिंग (प्रत्यक्षात नसलेली थरथर) दाखवते. आणि मोजायचं आयजीबीटीच्या पायांवर. माझी फसगत इथेच झाली होती: चिपच्या पिनवर वेव्हफॉर्म स्वच्छ होता. पायावर प्रोब ठेवला, तेव्हा बंद होतानाचा ६ व्होल्टचा कुबड दिसला.