नकाशा गावांचा नको, फीडचा काढा

कराडकडच्या एका छोट्या इंटरनेट सेवेत नॉकला, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या खोलीत बसलो, त्या पहिल्याच आठवड्यात मी मायक्रोटिकच्या 'द ड्यूड' या नेटवर्कचा नकाशा दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 10.10.0.0/16 या अख्ख्या रेंजची ऑटो डिस्कव्हरी (उपकरणं आपोआप शोधणं) लावली. म्हणजे 65,536 पत्ते! संध्याकाळपर्यंत स्क्रीनवर चुरमुरे सांडल्यासारखं झालं. राऊटर, ग्राहकांचे सीसीटीव्ही, आमचा ऑफिसातला प्रिंटर, सगळं एकाच नकाशावर. अख्खी रेंज स्कॅन करू नका. एका टॉवरची /24, म्हणजे 256 पत्ते घ्या.

ते सगळं पुसून मी मागे सातारा जिल्ह्याचा नकाशा लावला आणि गावोगावी राऊटर मांडले. दिसायला झकास. साहेबही खूश.

मग जुलैतल्या एका रात्री लाईट गेली आणि मल्हारपेठ लाल झालं. मी कराड-मल्हारपेठ अशी सरळ रेघ मारली होती. गावं जवळची, म्हणून. भर पावसात आमच्या फील्डवरच्या दादाला बाईकवरून मल्हारपेठला पिटाळलं. तिथं सगळं ठणठणीत. त्याचा फोन आला, "अरे, हितला फीड वरनं येतो, सडावाघापूरवरनं! तिथली बॅटरी बसली आसंल."

दुसऱ्या दिवशी वहीत दादाकडून फीडची वाट, म्हणजे कुठल्या टॉवरला इंटरनेट कुठून येतं ते लिहून घेतलं आणि नकाशा तसाच काढला. वर कोअर (मुख्य) राऊटर, त्याखाली बॅकहॉल, म्हणजे टॉवरांपर्यंत इंटरनेट नेणाऱ्या लिंक, आणि प्रत्येक टॉवरचा वेगळा सबमॅप (नकाशातला छोटा नकाशा). ग्राहकांची उपकरणं सबमॅपच्या आत; मुख्य नकाशावर आतली किती चालू, किती बंद एवढं दिसलं की पुरे. लिंक नुसती रेघ ठेवू नका, तिला राऊटरचा इंटरफेस जोडा; मग रेघेवरच ट्रॅफिक दिसतं. आणि प्रत्येक उपकरणाला पेरेंट द्या, म्हणजे ते वरच्या कुठल्या उपकरणावर अवलंबून आहे ते सांगा. हा कंटाळवाणा भाग मी टाळला होता, त्यामुळे त्या रात्री एका बॅटरीपायी साठेक अलर्ट फोनवर आदळले. पेरेंट पडला की खालच्यांची बोंब थांबते.

नावं 'राऊटर१', 'राऊटर२' अशी नकोतच. 'मल्हारपेठ-सडा-बॅकहॉल' वाचलं की झोपेतही कळतं.

अॅक (अॅक्नॉलेज, म्हणजे 'बिघाड पाहिला' अशी नोंद) जपून द्या. लाल उपकरण अॅक केलं की निळं होतं, अलर्ट गप्प. मी एकदा असं निळं करून जेवायला गेलो आणि विसरलो. तिसऱ्या दिवशी ग्राहकच दारात उभा.