रेस्क्यू टगवर जायचंय?

जीपी रेटिंगचा, म्हणजे साध्या खलाशाचा, कोर्स संपवून आलेली आमच्या रत्नागिरीकडची पोरं विचारतात, "दादा, रेस्क्यू टगवर जाऊ का?" म्हणजे संकटातली जहाजं ओढून वाचवणाऱ्या बोटीवर. जा की. पण निम्मी नोकरी म्हणजे नांगरावर डोलत बोलावण्याची वाट बघणं. तेव्हा विंचला (दोर ओढायच्या यंत्राला) ग्रीस मारायचं, शॅकल (जोडायच्या लोखंडी कड्या) तपासायची, जहाज ओढायच्या वायरची एखादी तार तुटलीय का ते बघायचं. पोरं इथेच कंटाळतात. खरं शिक्षण मात्र इथेच होतं.

कारण बोलावणं येतं तेव्हा समोरचं जहाज बऱ्याचदा 'डेड शिप' असतं. इंजिन बंद, वीज नाही, म्हणजे त्यांचं विंचही बंद. आपण हीव्हिंग लाइन, म्हणजे फेकायची बारीक दोरी, फेकायची, तिला जरा जाड मेसेंजर दोर, त्याच्यामागून जाड वायर. हे सगळं तिकडच्या लोकांनी हातांनी ओढायचं. जहाजावर माणसंच नसतील तर आपल्यातलाच कोणीतरी वर चढतो. फेअरलीडपाशी, म्हणजे दोर जहाजाबाहेर जातो त्या खाचेपाशी, वायर घासून तुटू नये म्हणून तिथे साखळी येते. भर समुद्रात शेकडो मीटर वायर सोडतात. मधला भाग स्वतःच्या वजनाने पाण्यात झुकलेला राहतो आणि लाटांचे हिसके पोटात घेतो. वायर ताणून सरळ वर आली, की मागच्या डेकवर कोणीही थांबायचं नाही.

टो, म्हणजे ही ओढायची वायर, तुटला की काय होतं? जून २०११ मध्ये कोलंबोहून अलंगला भंगारात निघालेलं 'विज्डम' असंच सुटलं आणि जुहूच्या वाळूत रुतलं. बघ्यांची जत्रा भरली होती! १९७८ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर 'अमोको कॅडिझ' टँकरचं सुकाणू गेलं. जर्मन टग 'पॅसिफिक'ने बांधलेला टो तुटला, पुन्हा बांधला, तरी टँकर खडकावर गेलाच. दोन लाख टनांहून जास्त तेल समुद्रात.

जिवाला खरा धोका गर्टिंगचा. म्हणजे वायरची ओढ आडवी बसली तर टग क्षणात कलंडतो. म्हणून चढल्या दिवशीच टो-हुकचं इमर्जन्सी रिलीज (वायर झटकन सोडायची कळ) कुठे आहे ते विचारा, चालवून दाखवायला सांगा.

पैशांचं म्हणाल तर लॉइड्स ओपन फॉर्म या जहाज वाचवण्याच्या ठरावीक कराराचं तत्त्व आहे 'नो क्युअर, नो पे'. जहाज किंवा माल वाचला तरच टगच्या मालकाला मोबदला. त्यातलं खलाशाला काय मिळणार, ते स्वतःच्या करारात वाचा. नोकरी लावायचे पैसे मागणारा एजंट दिसला तर तिथूनच परत फिरा. डीजी शिपिंग या सरकारी खात्याच्या यादीत एजंटचा आरपीएसएल (खलाशी भरतीचा) परवाना तपासा. पुढे मेटच्या (जहाजावरच्या अधिकाऱ्याच्या) परीक्षेला बसायचा विचार असेल, तर सही करण्याआधी टगचं ग्रॉस टनेज, म्हणजे आकारमानाचा आकडा, विचारा. लहान टगवरचा सी-टाइम (समुद्रावरच्या नोकरीचा काळ) सगळ्याच परीक्षांना धरत नाहीत.