प्रदर्शनासाठी मेगालोडॉनचा दात घरी बनवायचाय? असा बनवा

विज्ञान प्रदर्शन आलं की दर वेळी तोच सोड्याचा ज्वालामुखी, नाहीतर ठिबक सिंचन. त्यापेक्षा मेगालोडॉनचा, म्हणजे लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या अवाढव्य शार्कचा दात करा, खर्च किरकोळ आणि स्टॉलवर गर्दी हमखास. आता दातच का, तर शार्कचा सांगाडा कूर्चेचा असतो, आपल्या नाकाच्या शेंड्यासारखा, तो सहसा टिकत नाही, त्यामुळं या माशाबद्दल जे काय कळलंय ते बरंचसं दातांवरूनच.

सामान: शाडू, पीओपी, व्हॅसलीन, पुठ्ठा, हॅकसॉ ब्लेडचा तुकडा, पोस्टर कलर.

उंची 16 सेंमी धरा (सगळ्यात मोठे दात 18 सेंमीच्या आसपास भरतात). खऱ्या दाताची ओठाकडची बाजू जवळपास सपाट आणि तोंडाच्या आतली फुगीर असते, हे आपल्या फायद्याचं आहे, कारण सपाट बाजू खाली ठेवून फरशीवरच दात घडवता येतो आणि साचा एकच लागतो. वरती जाड मूळ, दोन फाटे असलेलं, खाली त्रिकोणी पातं. सोलापूरचं ऊन माहितीय ना, शाडूला तासाभरात भेगा पडतात, म्हणून मधे उठलात तर ओला टॉवेल टाकून जा.

मग व्हॅसलीन लावून भोवती पुठ्ठ्याची भिंत करा आणि वरून पीओपी ओता. पाण्यात पावडर घालायची, उलटं केलं की गुठळ्या होतात. अंदाजे एक वाटी पाण्याला दोन वाट्या पावडर. घट्ट होताना ते चांगलंच तापतं, पोरांना हात घालू देऊ नका, आणि उरलेलं बेसिनमध्ये तर अजिबात ओतू नका, पाइप गेलाच म्हणून समजा. साचा वाळला की शाडू काढायचा, आतून परत व्हॅसलीन लावून पीओपी भरायचं.

कडेचे दाते साच्यात नीट उतरत नाहीत, ते नंतर ब्लेडनं पाडा, दोन्ही कडांना टोकापर्यंत, बारीक आणि एकसारखे. आजच्या ग्रेट व्हाइट शार्कचे दाते जाडेभरडे असतात, जाणकार परीक्षक तिथंच बघतो.

रंग पांढरा नको! जमिनीतली खनिजं मुरून जीवाश्म दात करडे, तपकिरी, काळे होतात. फुगीर बाजूला मूळ आणि पातं यांच्यामधे गडद पट्टा रंगवा, त्याला बोर्लेट म्हणतात, तो विसरलात तर मजाच गेली.

"आपल्याकडं सापडतो का सर?" हे कुणीतरी विचारणारच. नाही. सोलापूरखालचा काळा कातळ साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, मेगालोडॉन साधारण 2.3 कोटी ते 36 लाख वर्षांपूर्वीचा, आणि तो समुद्रातला. भारतातच बघायचं तर ओडिशात बारीपदाजवळ शार्कचे जीवाश्म दात मिळालेत.

पाटीवर नाव ओटोडस मेगालोडॉन लिहा, जुन्या पुस्तकात कार्कारोडॉन दिसेल, ते आता बहुतेक जण वापरत नाहीत. खाली "प्लास्टरचा नमुना" हे पण लिहा, नाहीतर दिवसभर लोक "केवढ्याला घेतला" विचारत बसतात.