परिसंवादात निबंध वाचणार आहात? या चुका टाळा

गणपती गावाला गेले की कोकणातल्या कॉलेजांत परिसंवादांची पत्रकं यायला लागतात. पाऊस ओसरत आलेला, परीक्षा लांब, आंब्याची धांदल तर त्याहून लांब. महाडपासून सावंतवाडीपर्यंत दर आठवड्याला कुठे ना कुठे ‘राष्ट्रीय बहुविद्याशाखीय परिसंवाद’ असतोच. एकाच सत्रात शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयाचा विद्यार्थी कोळंबीवर बोलतो, त्याच्या मागून कुणी मोडी कागदपत्रांवर, मग वाणिज्य शाखेतल्या मॅडम काजू प्रक्रिया उद्योगावर. सत्राध्यक्ष बहुधा चौथ्याच विषयाचे.

इथे निबंध पडतो तो अभ्यास कमी पडला म्हणून क्वचितच. आपल्या विभागात जे न सांगता चालतं, ते इथे आधी सांगावं लागतं, हे लक्षात न आल्यामुळे पडतो. बहुतेक चुका याच एका गोष्टीतून निघतात.

विषय जिल्ह्याएवढा, माहिती एका वाडीची

‘कोकणातील पर्यटन : समस्या आणि उपाय’. हे शीर्षक पत्रिकेत दिसलं की मी चहाला उठतो. त्यात प्रश्न कुठे आहे? समस्या सगळ्यांना ठाऊक, उपायही तेच. त्याऐवजी ‘गणपतीपुळे परिसरात निवास-न्याहारी चालवणारी घरं पावसाळ्याचे चार महिने कशावर भागवतात?’ असं विचारलंत, तर निदान उत्तर चुकू तरी शकेल. जे उत्तर चुकूच शकत नाही, त्यासाठी लोकांना खुर्चीत बसवून ठेवू नये.

गोषवाऱ्याचंही तेच. अडीचशे शब्दांपैकी दोनशे ‘कोकण ही निसर्गसंपन्न भूमी आहे’ यात संपतात. प्रश्न काय, माहिती कुठून आणि कधी घेतली, किती जणांकडून घेतली, काय सापडलं, एवढंच लिहा. समिती तेवढंच वाचते. आठ बागायतदारांना विचारलं असेल तर ‘पन्नास टक्के’ म्हणू नका, ‘आठांपैकी चार’ म्हणा. गूगल फॉर्म आपल्याच वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरवून आलेल्या उत्तरांना ‘कोकणवासीयांचे मत’ म्हणणं तर शोभतच नाही.

आकडे जुळवण्याआधी नकाशा बघा

ही चूक इतिहास, अर्थशास्त्र, भूगोल, समाजशास्त्र सगळीकडे दिसते, आणि ती सहसा पकडली जात नाही, कारण आकडे खरे असतात. रत्नागिरी जिल्ह्याची १९७१ ची लोकसंख्या २०११ शी ताडून कुणी ‘प्रचंड घट’ दाखवतो. पण १ मे १९८१ ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. १९७१ चा ‘रत्नागिरी जिल्हा’ मालवण, कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडी सगळं पोटात घेऊन बसलेला. ठाण्याचं तसंच, तिथून १ ऑगस्ट २०१४ ला पालघर निघालं. रायगडची हद्द राहू द्या, १९८१ पर्यंत नावच कुलाबा होतं, म्हणजे जुन्या तक्त्यात ‘रायगड’ शोधून सापडणार नाही. १८८० च्या ‘रत्नागिरी आणि सावंतवाडी’ गॅझेटियरमधला आकडा उचलताना सावंतवाडी तेव्हा संस्थान होतं, हेही ध्यानात घ्यायला हवं.

उपाय सोपा पण कंटाळवाणा आहे. तालुकावार आकडे घ्या आणि आजच्या हद्दीप्रमाणे स्वतः बेरीज करा. तक्त्याखाली एक ओळ लिहा : कुठले तालुके धरले. खरी घट दाखवायचीच असेल तर ती हद्द न बदलताही दिसते. २००१ मध्ये रत्नागिरीची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, २०११ मध्ये १६,१५,०६९ झाली. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे अजून याच आकड्यांवर भागवावं लागतं. म्हणून तर ते नीट वापरायला हवेत.

आता याच जनगणनेतला दुसरा आकडा घ्या. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया, सिंधुदुर्गात १,०३६, आणि अख्ख्या महाराष्ट्रात ९२९. यावरून ‘कोकणात स्त्रीला मानाचं स्थान’ असा निष्कर्ष मी मंचावरून ऐकला आहे, टाळ्यांसकट. अहो, पुरुष मुंबईला आहेत! चाकरमानी जिथे राहतो तिथे मोजला जातो. सहा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींतलं हेच प्रमाण काढा, ते या दोन्ही जिल्ह्यांत हजाराच्या खालीच आहे. स्थलांतर शिकवणारा एखादा माणूस सभागृहात असेल तर पहिला प्रश्न तोच येणार. त्यापेक्षा तो आपणच आधी सांगितलेला बरा.

पेटी, पाटी आणि तिथी

कोकणात क्षेत्रकार्य करणाऱ्यांची खरी फजिती मापांत होते. ‘आंब्याच्या एका कलमाला सरासरी इतक्या पेट्या’ असं वाक्य अर्थशास्त्राच्या निबंधात सहज येतं. पेटी म्हणजे किती? फळ मोठं असेल तर चार डझनांची, लहान असेल तर सात-आठ डझनांपर्यंत. शिवाय हल्लीचे पुठ्ठ्याचे एक-दोन डझनांचे बॉक्स वेगळेच. बागायतदाराला हे सांगावं लागत नाही, पण नागपूरहून आलेल्या सत्राध्यक्षांना लागतं. पेट्यांबरोबर डझन विचारा, जमलं तर किलो.

आणि हापूसचा अभ्यास एकाच हंगामावर उभा करू नका. हापूस एक वर्ष भरभरून येतो, पुढच्या वर्षी हात आखडतो. कल्टार, म्हणजे झाडाची वाढ रोखून मोहोर आणणारं संजीवक, घातलेल्या बागा हे चक्र बऱ्यापैकी मोडतात. त्यामुळे ‘या वर्षी उत्पादन निम्म्यावर आलं, कारण हवामानबदल’ असं म्हणण्याआधी मागलं वर्ष भराचं होतं का आणि बागेला कल्टार होतं का, हे दोन प्रश्न विचारले गेलेले असायला हवेत. दापोलीच्या कृषी विद्यापीठातला कुणीही हे पहिल्या मिनिटाला विचारेल.

मासळीत तर नावांपासूनच अडतं. शार्कलाच कुठे मुशी म्हणतात, कुठे मोरी. एका बंदरावरचं नाव पुढच्या खाडीपलीकडे दुसऱ्याच माशाला लागतं. मराठीत निबंध लिहिताय म्हणून शास्त्रीय नाव गाळू नका. पहिल्या उल्लेखाला देवनागरीत दिलंत तरी चालतं : बांगडा, म्हणजे रास्ट्रेलिगर कानागुर्ता. नमुने घेण्याचं वेळापत्रक आखताना जून-जुलै मोकळे ठेवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते, त्यामुळे ‘बारा महिन्यांची’ आकडेवारी म्हणणाऱ्या तक्त्यात त्या दोन महिन्यांचे रकाने काय सांगतात, याचा खुलासा लागतो. शून्य म्हणजे मासे नव्हते, की होड्या नव्हत्या?

मुलाखतीतली एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो. प्रश्नावलीत असतं : ‘आपण मासेमारीस किती वाजता जाता?’ समोरचा म्हणतो, ‘ते तिथीवर.’ विद्यार्थी रकान्यात ‘अनिश्चित’ लिहून पुढे जातो. प्रत्यक्षात ते उत्तर घड्याळाइतकंच पक्कं आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकरा. भरती रोज पाऊणएक तासाने पुढे सरकते, त्याचाच हा तोंडी हिशेब. अमावस्या-पुनवेच्या आसपास उधाण, म्हणजे मोठी भरती, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती. डोल जाळं पाण्याच्या ओढीवर चालतं आणि भांगाला ओढ मंदावते, म्हणून त्या दिवसांत डोलवाला घरी असतो. तुम्ही सहा दिवस बंदरावर गेलात आणि ते सगळे भांगाचे निघाले, तर तुमच्या निबंधात ‘डोल मासेमारी संपुष्टात’ असा शोध लागेल. प्रश्नावलीत तारखेशेजारी तिथीचा रकाना ठेवा. कालनिर्णय घरात असतंच.

ठाम बोलण्याची घाई

कातळशिल्पांवर, म्हणजे उघड्या कातळावर कोरलेल्या प्राचीन चित्रांवर, आता प्रत्येक परिसंवादात निदान एक निबंध असतो. चांगलंच आहे. २०२२ मध्ये उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसमाळ ही नऊ ठिकाणं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. पण तात्पुरती यादी म्हणजे जागतिक वारसा नव्हे. ‘वारसा दर्जा मिळालेली कातळशिल्पे’ हे वाक्य चूक आहे. दुसरं, काळ. जांभ्या दगडात कोरलेल्या रेषेचं वय थेट मोजणं अवघड असतं. काळ ठरतो तो चित्रातल्या प्राण्यांवरून, आसपास सापडलेल्या दगडी हत्यारांवरून, शैलीवरून. म्हणून ‘वीस हजार वर्षांपूर्वीची’ असं ठणकावण्याऐवजी ‘अमुक पुराव्यावरून असा अंदाज आहे’ म्हणा. समोर भूविज्ञानाचा माणूस बसला असेल तर हा फरक फार मोठा ठरतो.

बोलींच्या अभ्यासकांनाही हेच लागू. जॉर्ज ग्रिअर्सन या भाषाभ्यासकाच्या भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणाचा सातवा, मराठीवरचा खंड १९०५ चा. त्यातले बहुतेक नमुने बायबलमधल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीचं त्या त्या बोलीत करून घेतलेलं रूप आहेत, कुणाच्या ओसरीवर ऐकलेलं बोलणं नव्हे. त्यावरून आजच्या संगमेश्वरीबद्दल किंवा मालवणीबद्दल विधान करायचं, तर मध्ये शंभराहून जास्त वर्षं आणि मुंबईची गिरणी आहे.

पडद्यावर चौकोन आले तर

मराठीत सादरीकरण करणाऱ्यांचा हा कायमचा आजार. घरी श्रीलिपीत किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली स्लाइड कॉलेजच्या संगणकावर उघडते आणि तिथे तो फॉन्ट नसल्याने भलतीच अक्षरं दिसतात. मजकूर युनिकोडमध्येच करा. जुना असेल तर परिवर्तकातून काढा, पण काढल्यावर वाचून बघा. ‘किनाऱ्यावर’चं ‘किनार्यावर’ होतं, रफार पुढच्या अक्षरावर उडी मारतो, ‘श्र’ आणि ‘त्र’ गोंधळतात. शेवटी एक प्रत पीडीएफ करून पेनड्राइव्हवर ठेवा, दुसरी स्वतःला मेल करा. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसतो, त्यामुळे कुठेही तशीच दिसते.

वीज जाणार हे धरूनच चला. पडदा नसताना दोन वाक्यांत सांगता येणार नाही असा आलेख मुळात दाखवण्याजोगा नसतो.

वेळ

पत्रिकेत पंधरा मिनिटं लिहिलेली असतात. उद्घाटनाला मान्यवर उशिरा येतात, दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, सत्कारमूर्तींचे सत्कार, आणि तुमच्या वाट्याला सात मिनिटं उरतात. याबद्दल आयोजकांना दोन शब्द सुनवायला हवेतच, पण ते नंतर. मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द धरा आणि सात मिनिटांची आवृत्ती वेगळी तयार ठेवा. प्रस्तावना कापा, निष्कर्ष कापू नका. लोक नेमकं उलट करतात आणि ‘वेळेअभावी निष्कर्ष वाचत नाही’ म्हणून खाली बसतात.

प्रश्न आला तर ‘हा माझ्या विषयाच्या कक्षेत येत नाही’ हे उत्तर शेवटचं ठेवा. दुसऱ्या शाखेचा माणूस बाळबोध वाटणारा प्रश्न विचारतो, तो बहुधा पायाच्याच दगडाला हात घालतो. माहीत नसेल तर प्रश्न लिहून घ्या.

छापण्याची घाई

सर्वांत महाग चुका इथे होतात. ‘निबंध पाठवा, आठ दिवसांत आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापू, शुल्क इतकं’ असा मेल येतो. आयएसएसएन क्रमांक असणं ही गुणवत्तेची खूण नाही, तो नुसता ओळख क्रमांक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, तेव्हा ‘केअर लिस्टेड’ असा शिक्का मिरवणाऱ्या जाहिरातीला आता अर्थ उरलेला नाही. संपादक मंडळातल्या दोन नावांची त्यांच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर खातरजमा करा, मागचे दोन अंक वाचा. २०२२ च्या यूजीसी नियमांत पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापलाच पाहिजे ही अट राहिलेली नाही. आपल्या विद्यापीठाने स्वतःची काही अट ठेवली आहे का, एवढं संशोधन विभागात विचारा आणि मग पैसे भरा.

साम्य अहवालाची, म्हणजे आपला मजकूर इतरांच्या लेखनाशी किती जुळतो हे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या अहवालाची, धास्तीही चुकीच्या जागी असते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. संदर्भसूची आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणं त्यात मोजायची नसतात. म्हणून टक्का बघून घाबरून वाक्यं उलटीपालटी करत बसण्याआधी अहवालात कुठला मजकूर रंगलाय ते बघा. दुसरीकडे, इंग्रजी लेख जसाच्या तसा मराठीत उतरवला तर सॉफ्टवेअर शून्य दाखवेलही. ती चोरीच.

आणि चॅटबॉटने दिलेले संदर्भ. लेखक खरा, नियतकालिक खरं, वर्षही पटण्यासारखं, फक्त तसा लेख कधी लिहिलाच गेलेला नसतो. जो संदर्भ स्वतः उघडून पाहिला नाही, तो सूचीत जाऊ देऊ नका. मराठी प्रबंधांसाठी शोधगंगा हा प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह आहे, तिथे मूळ प्रबंध उघडून पान क्रमांकासह घ्या.

समारोपाला प्रमाणपत्रं वाटली जातात, तेव्हा निघायची घाई असते, कारण शेवटची एसटी. तरी नाव, निबंधाचं शीर्षक आणि तारीख तिथेच उभं राहून वाचा. दुरुस्ती करून देणारा लिपिक आज जागेवर आहे. पुढच्या आठवड्यात तो नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, कामात असेल आणि फोन उचलणार नाही.