पान फुटलं म्हणून कलम लागलं असं समजू नका

मृगाचा पहिला पाऊस झाला की ठाण्यात, ऐरोलीत, नेरुळला खिडक्याखिडक्यांत जास्वंदीच्या फांद्या मातीत खोचलेल्या दिसू लागतात. थोडं थांबा. आपल्याकडे पाऊस यायची सर्वसाधारण तारीख 11 जून. पण पहिल्या सरींनंतर पुष्कळदा चार-आठ दिवस उघडीप पडते, ऊन चटकतं आणि मुळं नसलेली फांदी त्यात सुकून जाते. आर्द्रा नक्षत्र लागतं 21-22 जूनला. त्यानंतर हवा सतत ओली राहते, गारवा टिकतो. तिथपासून श्रावण सरेपर्यंतचा काळ घरी कपात फांद्यांची कलमं करायला वर्षातला सगळ्यात चांगला. एरवी कपावर पिशवी झाकून जी दमट हवा धरून ठेवावी लागते, ती या दिवसांत खिडकीशीच असते.

हीच ओल कपात साचली, की मात्र फांदी बुडापासून काळी पडत जाते. पावसाळ्यात आपली कलमं तहानेनं क्वचितच मरतात, बहुतेक कुजून मरतात. म्हणून सगळं लक्ष कपाच्या बुडाकडे आणि मातीकडे द्या.

कप विकत आणायची गरज नाही. दह्या-श्रीखंडाचे रिकामे डबे, अर्धी कापलेली पाण्याची बाटली, दुधाची पिशवी, काहीही चालेल. खोली साधारण 8 ते 10 सेंटिमीटर हवी. दाभण तापवून बुडाला चार-पाच भोकं पाडा आणि भिंतीला अगदी खालच्या बाजूला आणखी दोन. डबा सपाट जागेवर बसला की बुडाची भोकं बंद होतात, तेव्हा ही बाजूची भोकं पाणी सोडतात. चहाचे कागदी कप पुदिना, कोलियस यांच्यापुरते ठीक. मोगऱ्याला महिना-दीड महिना लागतो, तोवर त्यांचं बूड सुटतं. पारदर्शक डब्यात मुळं दिसतात ही सोय आहे, पण उजेडानं आत शेवाळ धरतं; बाहेरून वर्तमानपत्राचा कागद गुंडाळा आणि बघायचं असेल तेव्हाच काढा.

माती म्हणजे नुसती लाल माती नव्हे. नर्सरीतून पिशवीत मिळणारी आपली लाल माती पावसाळ्यात ओली झाली की तिचा गोळा बनतो आणि हवा आत जात नाही. एक भाग चाळलेली लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग जाडसर रेती घ्या. रेती खाडीची नको, तिच्यात मीठ असतं. बांधकामाची रेती मिळाली तर पाणी नितळ निघेपर्यंत धुवा. कोकोपीटही एकदा भिजवून ते पाणी फेकून द्या. मिश्रणावर उकळतं पाणी ओता, पूर्ण निथळू आणि गार होऊ द्या. मग मूठभर घट्ट दाबून बघा: बोटांतून पाणी ठिबकलं तर अजून निथळायला हवं. शेणखत, गांडूळखत, चहाचा चोथा यांतलं काहीही या कपात घालू नका. मूळच नाही तोवर खत खाणार कोण? कुजणाऱ्या वस्तूवर बुरशी मात्र लगेच धरते.

फांदी सकाळी लवकर कापा. कोवळा हिरवा शेंडाही नको आणि जून लाकूडही नको. पेन्सिलीइतकी जाड, 10 ते 15 सेंटिमीटर लांब, चार डोळे (पेरावरच्या कोंब फुटायच्या जागा) असलेली. मोगरा त्याहून बारीक चालतो. ब्लेड किंवा कात्री स्पिरिटनं पुसून घ्या. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली द्या, कारण मुळं फुटतात ती मुख्यतः पेराजवळ. वरचा काप तिरका द्या, म्हणजे पाणी त्यावर थांबत नाही. वरची दोन पानं ठेवून बाकीची काढा. पानं मोठी असतील तर अर्धी कापा. कळ्या, फुलं सगळी खुडा. जास्वंदीची फांदी घेताना पानामागे, बगलेत पांढरा कापूस दिसतो का ते नीट बघा. तो पिठ्या ढेकूण. असलं झाड कितीही सुंदर फुलणारं असलं तरी त्याची फांदी घरी आणू नका.

आधी पेन्सिलीनं मातीत भोक पाडा, मग फांदी सोडा, दोन डोळे मातीत जातील अशी, आणि बोटानं हलकेच दाबा. गुलाब, बोगनवेल, अनंत यांना मुळं फुटायची पावडर लावावी; तिच्यात आयबीए नावाचं संप्रेरक असतं. लागेल तेवढी बशीत काढून घ्या, ओली फांदी पावडरीच्या डब्यात बुडवू नका. जास्वंद, मोगरा, तगर, पानओवा, पुदिना पावडरीवाचून लागतात.

आता जागा. आपला पाऊस नैऋत्येकडून येतो, म्हणून पश्चिम आणि दक्षिणेच्या खिडकीत झड थेट कपात शिरते. पूर्वेची किंवा उत्तरेची खिडकी, छज्जाखालची, उजेडाची पण थेट ऊन नसलेली, सगळ्यात उत्तम. ग्रिलमध्ये ठेवत असाल तर सगळे कप एका जड ट्रेमध्ये घट्ट बसवा. वरच्या मजल्यावरून वाऱ्यानं कप पडला तर खाली माणसं असतात. ट्रेमध्ये पाणी साचू देऊ नका. त्यानं कलम तर कुजतंच, शिवाय डेंग्यूचे डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतात.

पाणी रोज घालायचं नाही. कप उचलून बघा, हलका लागला तरच घाला. झडीच्या दिवसांत आठवडाभरही गरज पडत नाही. मातीवर बारीक काळी चिलटं उडायला लागली तर ओल जास्त झाली आहे.

आता जे मला सगळ्यात कळकळीनं सांगायचं आहे ते. दहा-बारा दिवसांत फांदीला हिरवा कोंब येतो आणि आपण हरखून जातो. तो कोंब फांदीत आधीच साठलेल्या अन्नावर आलेला असतो. खाली मुळाचा पत्ताही नसेल. मी एका पावसाळ्यात जास्वंदीचे वीस कप लावले होते; सगळ्यांना पानं आली म्हणून हौसेनं तिसऱ्याच आठवड्यात कुंड्यांत हलवले. जगली तीन. उपटून पाहिलं तर बाकीच्यांच्या बुडाशी नुसती पांढरी गाठ होती, मुळं फुटायच्या बेतात असलेली. अजून पंधरा दिवस हात लावला नसता तर बरीचशी लागली असती, याची रुखरुख मला अजून आहे.

तेव्हा अंदाज असा धरा: पुदिना, कोलियस आठ-दहा दिवस, तुळस दोन आठवडे, जास्वंद, मोगरा, गुलाब चार ते सहा आठवडे, बोगनवेल आणि अनंत त्याहूनही जास्त. भोकातून पांढरं मूळ डोकावलं, किंवा पहिल्या पानांनंतर नवी पानं येऊन ताठ राहिली, की मगच कलम लागलं म्हणायचं. रोज हलवून बघू नका, कोवळी मुळं तुटतात.

चाफ्याची फांदी पावसात लावू नका, हमखास कुजते. ती फेब्रुवारी ते मेमध्ये कापून, चीक पूर्ण वाळेपर्यंत आठवडा-दोन आठवडे सावलीत आडवी ठेवून लावायची. कढीपत्त्याची फांदी सहसा लागत नाही. मोठ्या झाडाच्या मुळाशी येणारी पिल्लं पावसात मुळासकट वेगळी करा. आंबा आणि सोनचाफा यांच्या नादी कपात लागू नका, ती कामं भेटकलम किंवा कोय कलम करणाऱ्याची, म्हणजे एका रोपावर दुसऱ्या झाडाची फांदी जोडणाऱ्याची. कण्हेर कापल्यावर हात साबणानं धुवा, तिचा चीक विषारी असतो.

मुरबाड-शहापूरकडे ज्यांना बांधावर मोगरा लावायचा आहे, त्यांनी भाताची लावणी आटोपल्यावर हेच काम काळ्या पिशव्यांत, मांडवाच्या सावलीत करावं. जेवढी रोपं हवीत त्याच्या दीडपट फांद्या लावा, कारण काही जातातच.

मूळ धरल्यावर कप कात्रीनं कापा, मातीचा गड्डा न फोडता सहा इंची कुंडीत ठेवा. आता तिसरा हिस्सा शेणखत चालेल. आठवडाभर सावली, मग सकाळचं ऊन. जास्वंदीला पहिली कळी आली की गणपतीला आपल्या हातच्या कलमाचं फूल वाहावंसं वाटतं, पण या वर्षी ती खुडाच. ताकद मुळांत जाऊ दे. हे सगळं घटस्थापनेच्या आत उरका, कारण पुढे ऑक्टोबरचं ऊन कोवळ्या रोपाला सोसत नाही.

तोवरही एखाद्या कपात हालचाल नसेल, तर फांदीची साल नखानं किंचित खरवडा. खाली हिरवं दिसलं तर कप तसाच सावलीत राहू द्या. तपकिरी दिसलं तर फांदी टाका, आणि ती माती दुसऱ्या कलमाला वापरू नका.