घरच्या घरी स्प्रे कॅनने गाडीचा पत्रा रंगवताय? या चुका टाळा

रत्नागिरीतल्या आमच्या घराच्या फाटकाला जांभ्याचे दोन खांब आहेत. त्यातल्या एकाला दोन वर्षांपूर्वी गाडी घासली. डावीकडच्या मागच्या दरवाजावर हातभर ओरखडा, मध्ये वाटीएवढा पोचा आणि दोन ठिकाणी पत्रा उघडा. गॅरेजवाल्याने अख्ख्या दरवाजाचा भाव सांगितला. विम्यातून करावं, तर नो क्लेम बोनस जातो. पाच वर्षं क्लेम न केल्यावर मिळणारी ५० टक्क्यांची सूट एका ओरखड्यापायी कोण घालवणार? म्हणून कॅन आणले आणि तोच दरवाजा तीनदा रंगवला: मेमध्ये, जुलैत आणि शेवटी डिसेंबरात. पहिल्या दोन वेळी जे बिघडलं त्यातलं बहुतेक सगळं रंग मारायच्या आधीच बिघडलेलं होतं. रंगाने ते फक्त उघडं पाडलं.

आधी घासलं, मग धुतलं

सगळ्यांचा हात आधी पॉलिश पेपरकडे जातो, माझाही गेला. पण गाडीच्या पत्र्यावर वॅक्स असतं, डांबराचे शिंतोडे असतात आणि टायर किंवा डॅशबोर्ड चमकवायच्या स्प्रेमधलं सिलिकॉन उडून बसलेलं असतं. तसंच घासलं की ते ओरखड्यांच्या आत दाबलं जातं. मग रंगाचा ओला थर बसताच जागोजागी माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे उघडतात. रंग त्या ठिपक्यापासून मागे सरकतो आणि कितीही फवारलं तरी तिथे टिकत नाही. वरून आणखी रंग मारून हे बुजत नाही. थर वाळू द्या, खड्डे जाईपर्यंत घासा, पुन्हा पुसा.

क्रम असा हवा: शाम्पूने धुणं, मग वॅक्स-ग्रीस काढायचं द्रावण किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग घासणं, आणि प्रायमरच्या, म्हणजे रंगाखालच्या थराच्या, आधी पुन्हा एकदा पुसणं. एका फडक्याने ओलं पुसायचं आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं. एकाच फडक्याने केलंत, तर तेलकटपणा नुसता इकडून तिकडे फिरवलात.

गंजावर रंग, पुट्टीवर पाणी

किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी हे जरा सावकाश वाचावं. रंगाखाली फुगवटा दिसला म्हणजे आत गंज आहे. लोखंड गंजलं की जागा जास्त खातं आणि वरचा थर उचलून धरतं. फुगवटा खरवडून त्यावर रंग मारलात, तर एक पावसाळा निघेल, दुसरा नाही. ८० नंबरच्या पेपरने (नंबर वाढतो तसा पेपर बारीक होतो) चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासायचं. बारीक खड्ड्यांत काळे ठिपके उरतातच, त्यांच्यावर गंज-रोधक द्रावण. आणि उघडा केलेला पत्रा रात्रभर तसाच ठेवायचा नाही. मी ठेवला होता, म्हटलं उद्या सकाळी बघू. सकाळी त्यावर चहाच्या डागासारखी पिवळट झाक आलेली होती. त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर बसला पाहिजे.

पोचा भरायच्या पुट्टीत दोन घोटाळे होतात. पहिला हार्डनरचा, म्हणजे पुट्टी घट्ट करायला मिसळतात त्याचा. पॉलिएस्टर पुट्टीत हार्डनर साधारण २ टक्के, म्हणजे लिंबाएवढ्या गोळ्याला वाटाण्याएवढा. लवकर वाळावी म्हणून जास्त घातला, तर पुट्टी दगडासारखी होते खरी, पण हार्डनरमधलं जादा पेरॉक्साइड पुढे वरच्या रंगात झिरपतं आणि फिक्या रंगाच्या गाडीवर डाग उमटतात. दुसरा घोटाळा आपल्याकडे जवळजवळ रिवाजच झालाय. पाण्याचा पेपर घेऊन, बाजूला बादली ठेवून पुट्टी घासतात. धूळ उडत नाही, हात चालतो, छान वाटतं. पण ही पुट्टी पाणी पिते. ते पाणी प्रायमरखाली अडकतं, आणि दोन-तीन महिन्यांनी उन्हात उभ्या गाडीवर बारीक फोड येतात. पुट्टी नेहमी कोरडीच घासायची. आधी ८०, मग १८०, मग ३२०, तोंडावर मास्क बांधून. ओलं घासणं प्रायमर आणि क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, यांच्यासाठी राखून ठेवा.

एनसी पुट्टी, म्हणजे ट्यूबमधली एकाच घटकाची, फक्त पिनहोल, म्हणजे टाचणीएवढी भोकं, आणि नखाला जेमतेम लागेल एवढ्या ओरखड्यासाठी. तिने पोचा भरायचा नाही. ती आठवडाभर आक्रसत राहते आणि रंगकाम झाल्यावर पोचा परत वर डोकावतो.

डोळ्यावर विश्वास

प्रायमर झाल्यावर सगळं सपाट दिसतं, कारण तो मॅट असतो आणि मॅट पृष्ठभाग उंचवटे दाखवत नाही. मी बोटांनी चाचपून पाहिलं आणि पुढे गेलो. चांदीचा रंग आणि त्यावर क्लिअर बसल्यावर पुट्टीची कडा नकाशातल्या बेटासारखी उमटली.

नंतर एका जुन्या पेंटरने शिकवलं. तो म्हणाला, “भाऊ, बोटं खोटं बोलतात. तळहात ठेवा, मध्ये पातळ फडकं घ्या आणि दुसरीकडे बघा.” सपाट तळहात कापडावरून लांब फिरवला की एरवी न कळणारा चढउतार लागतो. दुसरी युक्ती काळ्या स्प्रेची. प्रायमरवर लांबून काळ्या रंगाची नुसती भुकटी उडवायची आणि ४०० नंबरच्या पेपरने, लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून, घासायचं. सपाट भागातला काळा निघून जातो, खोलगट भागात राहतो. काळं राहिलं तिथे पुन्हा प्रायमर. ठोकळ्याशिवाय नुसत्या बोटांनी घासलंत, तर बोटांच्याच चऱ्या पडतात. त्या तिरप्या उन्हात दिसतात आणि मग रोज दिसतात.

मेटॅलिक, म्हणजे धातूचे चमकते कण असलेल्या, रंगाखाली प्रायमर ६०० ते ८०० पर्यंत न्यायचा. ४०० वर थांबलात, तर त्या कणांमधून घासणीच्या रेघा डोकावतात.

“सिल्व्हर द्या”

दुकानात जाऊन नुसतं सिल्व्हर मागू नका. प्रत्येक कंपनीचे कितीतरी सिल्व्हर असतात. रंगाचा कोड ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. मारुतीच्या सिल्की सिल्व्हरचा झेड२एस, उदाहरणार्थ. कोड बरोबर असला तरी काम संपत नाही, कारण गाडी आठ वर्षं उन्हात उभी असते आणि कॅनमधला रंग काल बनलेला असतो.

म्हणून आधी एका कार्डावर मारा: प्रायमर, रंग, क्लिअर, सगळे थर. वाळल्यावर ते दरवाजाला टेकवून उन्हात बघा आणि सावलीतही बघा. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग सकाळी परका दिसतो. मेटॅलिकची आणखी एक खोड आहे. रंग ओला-जाड बसला, तर ॲल्युमिनियमचे कण आत बुडतात आणि छटा गडद होते. लांबून कोरडा बसला, तर कण वर राहतात आणि छटा फिकी. एकाच कॅनमधून दोन छटा निघतात त्या अशा. म्हणून मेटॅलिकचा शेवटचा हात जरा लांबून, हलका, सगळीकडे सारखा. आणि पूर्ण रंग फक्त खराब भागावर. बाजूचं जुनं क्लिअर १००० ने मंद करून त्यावर नवा रंग विरळ होत जाऊ द्यायचा. पांढऱ्या साध्या रंगाला ही कटकट बरीच कमी, त्यामुळे पहिल्यांदा करणाऱ्याची गाडी पांढरी असेल तर नशीबच.

आमसुलं चांदीची झाली

मे महिन्यातला माझा पहिला प्रयत्न सकाळी अकराला, अंगणात. पत्रा इतका तापलेला की हात टेकवत नव्हता. कॅनमधून निघालेले थेंब पत्र्यावर पोचेपर्यंत अर्धे वाळत होते. एकमेकांत मिसळायला त्यांना वेळच मिळाला नाही आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा झाला. जाड थर मारून बघितला, तर वरची साय आधी धरली, खालचा थिनर अडकला आणि निघताना टाचणीने टोचल्यासारखी भोकं करून गेला. त्यात वारा. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला आईने आमसुलं वाळत घातली होती, तिकडे माझं लक्षच नव्हतं. संध्याकाळी ती सूप हातात घेऊन आली आणि म्हणाली, “ही आता सोलकढीत घालू, की देव्हाऱ्यात ठेवू?” लाल माती क्लिअरमध्ये चिकटली ती वेगळीच.

उडालेला रंग लोक समजतात त्यापेक्षा बराच लांब जातो आणि शेजाऱ्याच्या गाडीच्या काचेवर खरखरीत होऊन बसतो. गाडी सगळी झाका, फक्त दरवाजा उघडा ठेवा. सोसायटीच्या बंद पार्किंगमध्ये तर करूच नका. कॅनमधला वायू पेट घेणारा असतो, आणि तळघरात तो जायचा कुठे?

जुलैत शहाणपणा केला. पडवीत, सावलीत, पाऊस थांबलेला बघून. क्लिअर मारला आणि दहा मिनिटांत चमकणारा दरवाजा दुधाळ झाला, काचेवर श्वास सोडावा तसा. थिनर उडताना पत्रा थंड करतो आणि दमट हवेतलं पाणी ओल्या थरावर दवासारखं बसतं, त्याची ही सफेदी. अशा वेळी पुसू नका, हेअर ड्रायर लावू नका. कोरडी, उबदार हवा येईपर्यंत थांबा. झाक हलकी असेल तर क्लिअरचा एक पातळ ओला हात खालचा थर मऊ करतो आणि पाणी निघून जातं. माझी हलकी नव्हती, सगळं घासून काढावं लागलं.

२० ते ३० अंश तापमान, साठ-पासष्ट टक्क्यांच्या खाली आर्द्रता, वारा पडलेला. कोकणात हे डिसेंबर-जानेवारीत सकाळी नऊनंतर जमतं. जमिनीवर आधी पाणी मारून ठेवलं की धूळ बसते.

हाताच्या चुका

कॅन हलवताना आतली गोळी सुटून खडखडायला लागली की तिथून पुढे दोन-तीन मिनिटं मोजा. मेटॅलिकला तर प्रत्येक थराआधी पुन्हा. अंतर वीतभर, म्हणजे २० ते २५ सेंटीमीटर. बटण दरवाजाच्या बाहेर दाबायचं, हात सरळ नेत पलीकडे बाहेर गेल्यावरच सोडायचं, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढलेला. मनगट वळवून कमानीत फवारलंत, तर मध्ये जाड आणि टोकांना पातळ. सलग मारत राहिलं की कॅन गार पडतो, दाब कमी होतो आणि थुंकल्यासारखे थेंब उडतात. कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवला की ताळ्यावर येतो. कोमट म्हणजे कोमटच, ५० अंशांच्या वर कॅन न्यायचा नाही हे त्याच्यावर लिहिलेलं असतं.

ओघळ आला तर बोट लावायचा मोह होतो. लावू नका. पूर्ण कडक होऊ द्या, मग १५०० चा पाण्याचा पेपर छोट्या ठोकळ्यावर लावून फक्त ओघळाचा माथा उतरवा.

दोन थरांत दहा-पंधरा मिनिटं. पुन्हा रंग मारायची वेळ कॅनवर दिलेली असते, ती उपचार म्हणून नाही. अर्धवट वाळलेल्या थरावर नवा थिनर पडला की खालचा फुगतो आणि सगळं सायीसारखं सुरकुततं. जुन्या रंगावर काय होईल याची शंका असेल, तर आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात टिचकीभर मारून बघा.

मास्किंगला वर्तमानपत्राचा एकच थर पुरत नाही, थिनर झिरपतो. खाकी कागद घ्या. टेप दरवाजाच्या मध्येच चिकटवला तर तिथे पायरी उरते. टेप कडेला, नाहीतर पत्र्याच्या घडीच्या रेषेवर. मध्ये संपवायचंच असेल तर टेप उलटा दुमडून कड सैल ठेवा. क्लिअर मात्र अख्ख्या दरवाजावर.

बंपर प्लास्टिकचा असतो. आतून पीपी अशी अक्षरं कोरलेली असतील, तर ते पॉलिप्रॉपिलीन आणि त्याला स्वतंत्र प्लास्टिक प्रायमर लागतो. नाहीतर गाडी धुताना प्रेशरच्या पाण्याने रंगाची साल निघते.

क्लिअर आणि मास्क

साधा क्लिअर, म्हणजे एका घटकाचा, पेट्रोलला टिकत नाही. पेट्रोलच्या झाकणाजवळ मारला, तर पंपावर सांडलेला एक ओघळ त्यावर कायमची खूण करतो. दोन घटकांचा, खालची पिन दाबून हार्डनर सोडायचा कॅन महाग पडतो आणि पिन दाबल्यावर एक-दोन दिवसांत आतच घट्ट होतो, पण टिकतो तोच. मात्र त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांनी दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने ते धरलं की पुढे अगदी थोड्या वासानेही त्रास होतो. कापडी मास्क किंवा करोनाच्या वेळचे उरलेले मास्क इथे काहीच कामाचे नाहीत. सेंद्रिय वाफांचे कार्ट्रिज आणि धूळ-गाळणी असलेला मास्क, चष्मा, हातमोजे, उघडी जागा. एवढं जमणार नसेल तर दरवाजा रंगापर्यंत तयार करा आणि क्लिअर गॅरेजमधून मारून घ्या. डिसेंबरात मी तेच केलं. त्या पेंटरने दरवाजावरून तळहात फिरवला, काही बोलला नाही आणि एका कोपऱ्यात ६०० चा पेपर घेऊन दोन मिनिटं घासत बसला.

१५०० आणि २००० ने घासून रबिंग कंपाऊंड मारायचं ते क्लिअर पुरता कडक झाल्यावर. वॅक्स महिनाभर नाही, थिनर अजून बाहेर निघत असतो. एका दरवाजाला आरटीओत काही कळवावं लागत नाही. गाडीचा रंगच बदलायचा असेल तर आरसीवर नोंद करून घ्यावी लागते.