अंजनी ओळखायची कशी आणि लावायची कशी

फेब्रुवारी-मार्चात आमच्या बेळगाव जिल्ह्यात जांबोटीवरून कणकुंबीकडं गाडीनं गेलात की कडेच्या झुडपांना निळं-जांभळं काहीतरी चिकटल्यागत दिसतंय ना, तीच अंजनी. फुलं शेंड्याला नाही, जुन्या फांद्यांच्या पेरापेराला झुपक्यानं येतात, पाकळ्या चारच.

फुलं नसताना मात्र भले भले फसतात, जांभळाचं पिल्लूच वाटतंय. मी काय करतो, पान उन्हाकडं धरतो. जांभळाच्या पानात बारीक शिरा दाट दिसतात, चुरगाळलं की वास येतो, अंजनीचं पान जाड, चकचकीत, समोरासमोर जोडीनं, आणि मधली शीर सोडली तर बाकी शिरा जवळजवळ दिसतच नाहीत.

आणि नावात घोळ आहे बघा. "अंजन" म्हणून मागितलंत तर वेगळंच झाड गळ्यात पडतं, कोरड्या रानातलं, खुरासारखी जोडपानं असलेलं, उंच वाढणारं. मला एका नर्सरीत तेच दिलं होतं, वर्षभर पाणी घातलं ओ मी त्याला!

म्हणून सरळ बी लावा. फळं वाटाण्याएवढी, पिकली की काळी-जांभळी होतात (पोरं खातात, थोडी तुरट लागतात). गर धुऊन काढायचा आणि बी वाळवत न बसता लगेच पिशवीत टाकायचं, तांबडी माती, वाळू, कुजलेला पालापाचोळा, वरून सावली. उगवायला वेळ घेतंय, पिशवी फेकू नका. रानातनं रोप उपटून तर आणूच नका, भीमगड अभयारण्यातनं तर कायद्यानंच गुन्हा आहे.

खानापूरच्या बाजूला तांबडी माती आहे तर जागेची चिंता नाही, पण गोकाक-अथणीच्या काळ्या रानात पाणी तुंबतंय, तिथं उंचवटा करून लावा. पावसाच्या सुरुवातीला रोप जमिनीत घाला, पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी आणि दुपारची सावली द्या.

वाढ लई सावकाश. शेजारचा पेरू फळाला येईल तेव्हा ही कमरेएवढीसुद्धा नसेल. पण दहा-पंधरा फुटांचं, बारमाही हिरवं झाड अंगणात मावतंय की. आकार द्यायचाच तर फुलं गळून गेल्यावर शेंडे थोडे कापा, जुन्या फांद्या छाटल्या की पुढच्या साली फुलं कुठं येणार?